आठ कोसांच्या आत

हस्ती, उद्या सकाळी मी धानोऱ्याला निघतोय. एकटाच. चाकांत हवा भरून झाली, साखळीला तेल घातलं, आणि तुझ्या सवयीप्रमाणे मागचं चाक उचलून हवेत फिरवून पाहिलं. तू त्या चाकाला कान लावायचास आणि सांगायचास, एक तार ढिली आहे. मीही कान लावला. चाक फिरतंय, एवढंच कळलं.

तुला जाऊन महिना होत आला. तुझ्या उठावण्याला, शोकसभेला, सगळी बाजारपेठ बंद होती. लोक चांगलं बोलले. कुणी तुला धर्मनिष्ठ म्हणालं, कुणी सचोटीचा व्यापारी म्हणालं. एका गृहस्थानं तर तुझ्या 'भारदस्त व्यक्तिमत्त्वा'चा उल्लेख केला. नाव हस्तीमल आणि अंगकाठी बाभळीच्या फोकासारखी. तू शेजारी असतास तर मला कोपर मारलं असतंस. हेडमास्तरांनी मला बोलण्यासाठी दोनदा खूण केली. मी उठलो नाही. मी मास्तर, बोलण्याचीच भाकरी खातो, पण समोर बसलेल्यांपैकी निम्म्या लोकांनी मला आधीच्या सभेत तुझ्याबद्दल बोलताना ऐकलं होतं. त्यानंतर पुन्हा तुझं नाव चारचौघांत घ्यायला मला तोंड उरलं नव्हतं.

म्हणून हे लिहितोय. हे कुठे छापायला द्यायचं नाही, कुणाला वाचून दाखवायचं नाही. खरं तर तुला अहिराणीतच लिहायला हवं, आपण बोलायचो तसं. पण हातात लेखणी आली की माझ्यातला मास्तर ताठ बसतो. चालवून घे.

तुझं-माझं कसं जमलं याचं गावाला नवल होतं. मी रनाळ्याचा गुजर पाटील, कांदा-लसणीवर पोसलेला, आवाज चढा. तू मारवाडी जैन, मुंगीला वळसा घालून जाणारा. माझी बायको-मुलं, बाप, भाऊ सगळे रनाळ्याला. मी नंदुरबारात शाळेसाठी एक खोली घेऊन राहतो. तुझी बायको लग्नानंतर तीन वर्षांतच गेली, मूलबाळ नाही, घरात तू आणि तुझी आई, जिला सारी गल्ली बाईच म्हणते. मी तुझ्या लोखंडी सामानाच्या दुकानात एक कुलूप घ्यायला आलो आणि दोन तास बसलो. मग रोजच बसायला लागलो. शाळा सुटली की पाय आपोआप तिकडे वळायचे. आता शाळा सुटते आणि मी फाटकात उभा राहतो. पायांना काय सांगावं ते कळत नाही. एका महिन्यात मी गावातल्या सगळ्या रस्त्यांनी खोलीवर जाऊन पाहिलं. सगळे सारखेच लांब आहेत.

दवाखान्याची कल्पना तुझीच. मी आता कुणालाही तसंच सांगतो, आधी सांगत नव्हतो. मंगळवारच्या बाजारात एक पावरा आदिवासी तुझ्या दुकानी कुऱ्हाड घ्यायला आला होता. त्याच्याबरोबर दोघांनी झोळी करून त्याच्या बापाला आणलं होतं. तापानं म्हातारा थडथडत होता. सातपुड्यातून तिसऱ्या दिवशी इथं पोचले, आणि इथला डॉक्टर त्या दिवशी गावात नव्हता. तू दुकान उघडं टाकून त्या म्हाताऱ्याला आत घेतलंस. संध्याकाळी म्हातारा गेला. त्या माणसानं कुऱ्हाड परत करून बापाला गुंडाळायला कापड मागितलं. तू दोन्ही दिलंस. मग तिसऱ्या दिवशी तू म्हणालास, "मास्तर, डोंगरना पायले एक दवाखाना पाहिजे."

सायकलवर लांबचा दौरा काढायचा, ही भर मात्र माझी. वर्तमानपत्रात वाचलं होतं, कोण कोण सायकलवर मुलूखचे मुलूख पालथे घालतात. मला वाटलं, आपण नंदुरबारहून पुण्याला जावं, वाटेत प्रत्येक मोठ्या गावी सभा घ्यावी, दवाखान्यासाठी मदत मागावी. खोटं कशाला बोलू, मला गळ्यात हार दिसत होते. खाली नावं छापलेला फोटो दिसत होता. तू ऐकलंस आणि "बरं" म्हणालास. तुझं ते 'बरं' म्हणजे होकार, असं मी धरून चाललो.

सायकली सुरतेहून आणायच्या होत्या. मी म्हटलं, दोघं जाऊ. तू म्हणालास, दुकान कोण पाहील? मी एकटा गेलो. पण कुठल्या पेठेत जायचं, कुठल्या कोपऱ्यावर वळायचं, कुठल्या दुकानदाराला तुझं नाव सांगायचं, हे सगळं तू मला असं सांगितलंस की मी डोळे मिटून पोचलो. तो दुकानदार मला म्हणाला, हस्तीमलशेठचा माल वीस वर्षं इथून जातो, पण शेठचं तोंड कधी पाहिलं नाही. मी हसलो. हे तुला येऊन सांगितलं तेव्हा तूही हसलास. इतकं समोर ठेवलेलं असूनही मला काही दिसलं नाही. तुझं लग्नसुद्धा तीन गल्ल्या पलीकडे झालं, तेही मला दिसलं नाही.

चैत्रापासून आपण तयारीला लागलो. पहाट फुटता निघायचं आणि शाळेच्या घंटेआधी परतायचं. रविवारी लांबची फेरी. लांब जायचं तर ओझ्याची सवय हवी, म्हणून तू दोन्ही सायकलींना खिळ्यांच्या थैल्या बांधायचास. पहिल्या दिवशी चढावर मी उतरून सायकल ढकलू लागलो तर तू मागे वळून म्हणालास, "मास्तर, तू सायकलले पुण्याले ली जाई ऱ्हायना, का सायकल तुले?" मला असा राग आला की त्याच रागात मी चढ चढून गेलो. नंतर कळलं, तुझ्या थैलीत माझ्या दुप्पट खिळे होते.

बाभळीच्या काट्यांनी तर आपल्याला शाळाच घातली. पंक्चर काढायची पैज लागायची. मी जोर करायचो आणि ट्यूब चिमटायची. तू बोटांनी टायर असं सोडवायचास जणू झोपलेल्या पोराचं आंगडं काढतोयस. मग खायला बसायचं. माझी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर, ठेचा आणि कांदा. तुझे खाकरे, भाजलेले मूग आणि उकळून गार केलेलं पाणी. मी मुद्दाम कांदा बुक्कीनं फोडायचो आणि तू काही न बोलता उठून वाऱ्याच्या वरच्या अंगाला जाऊन बसायचास. दिवस मावळल्यावर तुला पाण्याचा घोटही चालत नसे. मी विचारायचो, नाशिकला पोचता पोचता दिवस मावळला तर? उपाशी सायकल हाणशील? तू म्हणायचास, पाहू.

एक गोष्ट मी तेव्हाच हेरली होती. हेरली, आणि अर्थ मात्र उफराटा लावला. कुठल्याही रस्त्यानं गेलो तरी सोळाव्या मैलाच्या आसपास तुझं काहीतरी बिनसायचं. साक्रीच्या रस्त्याला साखळी कुरकुर करायची. दोंडाईच्याच्या रस्त्याला ऊन चढायचं. तळोद्याकडे निघालो की तापी ओलांडल्यावर तुला दुकानातलं काम आठवायचं. दवाखान्याची जागा पाहायला डोंगराच्या पायथ्याशी मी एकटा गेलो. तू आला नाहीस. मी आल्यावर मात्र तू मला तासभर विचारत बसलास, पाणी कुठे आहे, सावली कुठे आहे, झोळी घेऊन येणारी माणसं कुठल्या वाटेनं उतरतील. मी मनात म्हटलं, एवढी हौस आहे तर यायला काय झालं होतं? मग मीच उत्तर दिलं, भितो. घर सोडायला भितो.

दिवाळी झाली आणि शाळेच्या पटांगणात सभा भरली. मार्ग जाहीर करायचा होता. मी फळ्यावर नकाशा काढला, साक्री, धुळं, मालेगाव, नाशिक आणि थेट पुणं. टाळ्या पडल्या. तेवढ्यात तू उभा राहिलास. सभेत तू कधी उभा राहत नसस, त्यामुळे सगळ्या माना तुझ्याकडे वळल्या. तू म्हणालास, "दवाखाना आपला, डोंगर आपला. मांगाले पुण्याले काबर जावानं? पहिले आपला गावेसले इचारूत. आठेच फिरूत. कोनी कवलं दी, कोनी लाकडं दी, कोनी खाट दी." पुण्याऐवजी इथल्या इथंच फिरायचं, हे ऐकून लोक हसले. कुणीतरी मागून ओरडलं, शेठ, रनाळ्याला जायला सायकल कशाला, बैलगाडी पुरते.

मला तुझा भयंकर राग आला. सात महिन्यांची तयारी, फळ्यावरचा माझा नकाशा, आणि ऐन वेळी हा खोडा. मी म्हणालो, आणि हेडमास्तरांकडे पाहत म्हणालो, तुझ्याकडे नाही, "याले धुळानं नाव काढं तरी मायना पदर आठवस. घरकोंबडा शे हाऊ!"

पटांगण हसलं. मी हसवलं. तू माझ्याकडे पाहिलंस आणि तूही थोडा हसलास. मग खाली बसलास.

त्यानंतर आठ दिवस मी तुझ्याशी बोललो नाही. तू दोनदा खोलीवर आलास. एकदा मी वह्या तपासतोय म्हणालो, दुसऱ्यांदा दारच उघडलं नाही, आत बसून तुझी पावलं परत जाताना ऐकली. चूक माझी होती आणि फुगलो होतो मीच. आपल्याकडे म्हणतात, चोराच्या उलट्या बोंबा. आणि मी तर शाळेत मुलांना त्याचा अर्थ शिकवतो.

मधल्या एका दिवशी मी शाळेतून परतलो तर माझ्या सायकलला मागं नवं कॅरिअर बसवलेलं होतं. लोखंडी पट्टीचं, वर पत्रा. दौऱ्यात सामान नीट राहत नाही म्हणून मी किती दिवस कटकट करत होतो. तू मी नसताना येऊन सायकल दुकानी नेलीस, काम केलंस आणि परत जागच्या जागी लावून गेलास. पत्र्याच्या सगळ्या कडा आत दुमडलेल्या होत्या, माझ्या हाताला लागू नयेत म्हणून. मी ते पाहिलं आणि काय म्हणालो असेन? म्हणालो, बरं झालं, आता माफी मागायला येईल. दुसऱ्या दिवशी सकाळी तू आलास, आणि तेच ते दार मी उघडलं नाही.

त्या कडा दुमडायच्या आधी तुझा तळहात कापला होता, हे मला बाईंनी नंतर सांगितलं. हळद भरून चिंधी बांधलीस आणि काम पुरं केलंस.

आठव्या दिवशी निरोप आला, हस्तीमलचा जबडा उघडत नाही. मी धावत आलो. धनुर्वात. डॉक्टर म्हणाले, यावरची सुई इथं नाही, धुळ्याला मिळेल. सकाळची मोटर निघून गेली होती. मी सायकल काढली. हस्ती, आपल्या दौऱ्याचा पहिला टप्पा मी त्या दिवशी पुरा केला. साठ मैल. सोळाव्या मैलाचा दगड कधी मागं गेला ते कळलंही नाही. तिथल्या डॉक्टरांनी ओल्या फडक्यात गुंडाळून पेटी दिली, आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या मोटरीनं, पेटी मांडीवर घेऊन, मी परत आलो. सुई दिली. उशीर झाला होता.

डॉक्टरांनी ताकीद दिली होती, खोलीत आवाज नको, उजेड नको, कुणी बोलायचं नाही. नुसत्या आवाजानंही तुझं अंग ताणलं जात होतं. मी दाराबाहेर उभा राहिलो. फटीतून तुझे डोळे दिसत होते. तुला सगळं कळत होतं. मला फक्त दोन शब्द बोलायचे होते, आणि त्या दोन शब्दांनीच तुझी कमान झाली असती. जन्मभर ज्या तोंडाला मी कधी आवर घातला नाही, ते त्या दोन दिवसांत नेमकं बंद ठेवावं लागलं. तिसऱ्या दिवशी सकाळी तू गेलास.

बाराव्या दिवशी बाईंनी मला बोलावलं. त्या घरात मारवाडी बोलतात, माझ्याशी अहिराणी. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं. तुझा थोरला भाऊ व्यापारासाठी रंगूनला गेला आणि तिथंच तापानं वारला. इथं नुसती तार आली. तेव्हा तू सतरा वर्षांचा होतास. त्या वर्षी चातुर्मासाला गावात आलेल्या जैन मुनींपुढे, महाराजसाहेबांपुढे, तू हात जोडून नेम घेतलास, आई आहे तोवर गावापासून आठ कोसांपलीकडे पाऊल टाकणार नाही. तुमच्यात दिशांची अशी मर्यादा घालून घेतात, हे मला ठाऊक नव्हतं. तुझ्याशेजारी इतकी वर्षं बसून मी तुझ्या खाकऱ्यांची चेष्टा केली, पण तुझ्या धर्मातली धड एक गोष्टही विचारली नाही. सोळा मैल म्हणजे आठ कोस. पाचवीच्या पोरालासुद्धा येणारं गणित.

बाई म्हणाल्या, "तेनी एकदाव भी इचारं नही. इचारं ऱ्हातं ते मी हां म्हनी टाकती."

आणि मला का सांगितलं नाहीस, तेही त्यांनी सांगितलं. तू त्यांना म्हणाला होतास म्हणे, बाई, मास्तरला कळलं तर तो उद्या सकाळी येऊन तुझ्यापुढे बसेल, तासभर बोलेल आणि तुझ्याकडून हो वदवून घेईल. तू हो म्हणशील, आणि मी परत येईपर्यंत दारात उभी राहशील. बरोबर आहे. मी हेच केलं असतं. मोठ्या प्रेमानं केलं असतं, वर स्वतःची पाठ थोपटून घेतली असती. तू मला पुरता ओळखून होतास आणि तरी रोज दुकानात पाट टाकून बसवत होतास.

पण हस्ती, एका गोष्टीवर मी अजून तुझ्याशी भांडतोय. सभेत तू जे बोललास, आपल्या गावांना आधी विचारू, ते तुला खरंच पटलं होतं, का नेम पाळायचा म्हणून ते सुचलं? पटलं असेल तर तू आधी चैत्रातच का नाही बोललास? मला हार स्वप्नात दिसत होते तेव्हाच का नाही कानफटात मारल्यासारखं सांगितलंस? आणि नेमासाठीच असेल, तर ऐन वेळेपर्यंत माझ्याबरोबर घाम का गाळलास? खिळ्यांच्या थैल्या का बांधल्यास? तुला ठाऊक होतं, तू पुण्याला जाणार नाहीस. कधी वाटतं, तू मलाच तयार करत होतास. कधी वाटतं, तुला नुसतं सायकलवर बसायला आवडत होतं, पुढं काय ते पुढं. याचं उत्तर तुझ्याखेरीज कुणाकडे नाही, आणि मी रात्रंदिवस दोन्ही बाजूंनी एकटाच वाद घालतो.

मार्गशीर्ष लागला. ठरलेला दिवस आला. हेडमास्तर म्हणाले, तुम्ही एकटे जा पुण्याला, हस्तीमलशेठच्या स्मरणार्थ. मी नाही म्हणालो. मी इथंच फिरणार, गावोगाव, जसं तो म्हणाला होता. त्यांनी कारण विचारलं. काय सांगणार? नेमाची गोष्ट सांगितली असती तर उद्या गाव म्हणालं असतं, आईनं पोराला बांधून ठेवलं. बाईंच्या वाट्याला तेवढं तरी येऊ नये. मी म्हणालो, मला जमणार नाही.

आता मी घरकोंबडा आहे. रनाळ्याच्या चावडीवर माझ्याच भाऊबंदांनी विचारलं, "काय मास्तर, रनाळालेच पुनं समजी बठनात का?" माझा बाप मान खाली घालून बसला होता. मी गप्प राहिलो. खोटं नाही सांगत, ते गप्प राहणं फार जड गेलं. तू ते हसून केलंस. मला हसणं अजून साधत नाही.

तीन फेऱ्या झाल्या, उद्याची धानोऱ्याची चौथी. एका गावानं छपरासाठी कौलं कबूल केली, एका सुतारानं दारं, आणि एक विधवा बाई स्वतःच्या हातानं शिवलेली गोधडी घेऊन रस्त्यापर्यंत आली. पुण्याला याच्या दसपट मिळालं असतं कदाचित. मला माहीत नाही. एवढं मात्र खरं की डोंगरातली माणसं कुठल्या वाटेनं उतरतात, कुठे झोळी टेकवतात, हे त्या गोधडीवालीला माझ्याआधी ठाऊक होतं. सभा संपते, लोक आपापल्या घरी जातात, आणि मी सायकल घेऊन उभा राहतो. परत निघताना तुझा आवाज नसतो, तेव्हा कळतं की सोळा मैल हे किती लांब असतात. पूर्वी बोलण्यात कधी संपायचे ते कळतही नसे. आता बाभळी मोजतो, दगड मोजतो, कुठल्या तरी शेतात बैलांना हाकणाऱ्याची हाळी ऐकू येते आणि ती मला नसते.

आज दुपारी मी बाईंकडे गेलो. महिनाभर एक गोष्ट माझ्या पोटात होती. त्यांना सगळं कळलं होतं, पण मी सभेत काय म्हणालो ते कळलं नसावं, असं मी समजून होतो. त्या मला बेटा म्हणतात, फुलके करून वाढतात, आणि मी खातो. हे आणखी सहन होईना. बाई ओसरीवर मूग निवडत बसल्या होत्या. मी समोर बसलो आणि सगळं सांगितलं. घरकोंबडा म्हणालो, तेही. आईचा पदर म्हणालो, तेही. शब्द गिळले नाहीत, जसे होते तसेच सांगितले. म्हटलं, बाई, त्याच्यापुढं बोलता आलं नाही, तुमच्यापुढं बोलतो. मला माफ करा.

बाईंचा हात ताटात फिरतच राहिला. खडा निघाला तो त्यांनी बाजूला टाकला.

"माले माहीत शे," त्या म्हणाल्या. "तेनी तवयच सांगेल व्हतं. हासत घर उना. म्हने, बाई, आज मास्तरनी भरी सभामा खरं सांगी दिन्हं. माले तुन्हा पदर सोडता येस नही. अनी त्या दिन दोन फुलका जास्ती खाई गया."

मी तिथून उठलो आणि रस्त्यावर आलो. हस्ती, मी तुला लागावं म्हणून बोललो होतो. तू ते घरी नेलंस आणि आईला तिचं कौतुक म्हणून दिलंस. तुला लागलंच नव्हतं. मग गेला महिनाभर मी ही मागायची राहिलेली माफी उराशी धरून गावोगाव हिंडतोय, ती आता कुणाकडे मागू?